वर छत्तीस, खाली सेहेचाळीस

खिल्लारे मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी त्यांचं माप दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय. छातीला छत्तीस, कमरेला तीस आणि खाली सीटला सेहेचाळीस. वीस वर्षं शिवणकाम करते मी. वरून भरलेली बाई, पोट सुटलेली बाई, बाळंतपणानंतर सगळीकडून सैलावलेली बाई, सगळ्या माझ्या टेपखालून गेल्या आहेत. पण एकाच अंगात दोन बायकांची मापं मी पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा टेप गुंडाळायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, टेप बराबर आहे. मीच अशी आहे. वर छत्तीस, खाली सेहेचाळीस. तसंच शिवा. आणि सलवारीची मोहरी अरुंद ठेवा, घोटे बारीक आहेत माझे."

हे त्या एवढ्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या की बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वर केल्या. माझ्याकडे येणाऱ्या बायका आकडा ऐकला की "हळू बोला ना" म्हणतात. ही बाई स्वतःचा आकडा आठवडी बाजारात भाव सांगावा तसा सांगत होती.

आमच्या हिंगोलीच्या एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. शेजारचा गाळा कित्येक वर्षं हळदीचं गोदाम होता. तोच त्यांनी घेतला आणि फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला. भिंतींना दोनदा चुना दिला तरी खालच्या वीतभर भागातून पिवळा रंग वर येत राहिला. मॅडम म्हणायच्या, "राहू द्या. दवाखान्याला हळद लागलेली बरीच." पाटीवरचा 'फिजिओथेरपी' हा शब्द लोकांना वाचता येईना. सुरुवातीचे दोन महिने माणसं मलाच विचारत, "इथं मालिश करून मिळते का?" मी आत पाठवत असे. मॅडम त्यांना बसवून घेत, गुडघा नाहीतर कंबर तपासत आणि मालिश न करताच परत पाठवत. तरी माणूस पुन्हा येई.

बाई साधारण पंचेचाळिशीच्या. गाव शिरड शहापूर. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले. शिकलेल्या माणसांशी त्या पुस्तकासारखं बोलत, खेड्यातल्या बायकांशी गावाकडचं बोलत आणि राग आला की समोर कोणीही असो, गावाकडचंच बोलत. 'बराबर' हा त्यांचा ठेवणीतला शब्द. कोणाचं म्हणणं पटलं नाही तर म्हणत, "तुमचं बराबर आहे, पण चूक आहे." एकदा एक मोठे डॉक्टर दवाखान्यात आले होते, त्यांनाही हेच ऐकवलं. डॉक्टर आधी हसले आणि मग विचारात पडले.

डेपोसमोरच्या गाड्यावरची मिरचीभजी त्या आठवड्यातून एकदा खात, उभ्यानं, रस्त्यावर, सगळ्यांदेखत. कोणी त्यांच्या जाड पायांकडे बघून हसलं तर त्या एक भजं पुढं करत. "घ्या. पाय भज्यांनी झाले नाहीत."

मग कशानं झाले, हे मी पहिल्या सलवारीच्या ट्रायलला विचारलं. त्यांनी सांगितलं, याला लिपेडेमा म्हणतात. चरबीचाच आजार, पण खाण्यापिण्यातून येणाऱ्या चरबीपेक्षा वेगळा. जवळपास फक्त बायकांनाच होतो. न्हाण आल्यावर, नाहीतर बाळंतपणात, नाहीतर पाळी जाताना सुरू होतो आणि घराण्यात चालत येतो. मी म्हटलं, मग साध्या जाड पायात आणि यात फरक कसा करायचा? त्यांनी स्टुलावर पाय ठेवला आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर केली.

"आधी पाऊल बघा, मग पाय बघा," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढं मी शेकडो वेळा ऐकलं. "दोन्ही पाय सारखेच भरलेत ना? आता इथं बघा."

घोट्यापाशी सगळा भराव एकदम थांबला होता. नाडी ओढून चुण्या घातल्यावर कापडाची कड बसते तशी ती कड होती. तिच्याखालचं पाऊल मात्र कोवळ्या मुलीचं असावं तसं सडपातळ. त्यांनी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून दाखवली. "ही अशी उचलता येते. हत्तीरोगासारख्या सुजेत पाऊलही सुजतं आणि ही चिमट येत नाही. आता पोटरी दाबा. जोरात नको, दुखतं." कातडीखाली साबुदाण्यासारखे दाणे हाताला लागले. बोट काढल्यावर खड्डा पडला नाही, पण मॅडमचे ओठ आवळले गेले. "साधी चरबी दाबली की दुखत नाही. ही दुखते. आणि हे डाग बघा. कुठं आपटले, मला आठवतही नाही." पोटरीवर हिरवेनिळे चार डाग होते.

"मग उपाशी राहिलं तर?"

"राहिले की. कॉलेजात असताना दोन वर्षं. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, छाती गेली. पाय होते तसेच. मैत्रिणी म्हणायच्या, बाभळीच्या बुंध्यावर तुरीची काडी खोचल्यासारखी दिसतेस."

त्या खळखळून हसल्या. मला मात्र त्या दिवशी सलवारीला टीप घालताना राहून राहून ती काडी दिसत राहिली.

काही महिन्यांनी त्यांनी मला त्यांच्या कामात ओढलं. अशा पायांना घट्ट मोजे लागतात. दुकानात मिळणारे साधे मोजे चालत नाहीत, प्रत्येकीच्या पायाच्या मापानं विणून घ्यावे लागतात. त्यासाठी घोट्यापासून मांडीपर्यंत ठरावीक अंतरावर घेर मोजायचा, तोही सकाळी, पाय ताजे असताना. मॅडम काजळाच्या पेन्सिलीनं पायावर खुणा करत आणि मी टेप धरत असे. "माझा हात माया करतो," त्या म्हणत, "अर्धा इंच सैल धरतो. तुमचा हात शिंप्याचा आहे, खरं बोलतो." त्यामुळे पुढं घडलेलं बरंचसं मी टेप हातात घेऊन पाहिलं आहे.

मॅडम प्रत्येक जाड पायाला हेच नाव देत असत, असं मात्र नाही. एका शाळेच्या मोठ्या बाई एकदा मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघून आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मला लिपेडेमा आहे." मॅडमनी पावलं पाहिली, पोटऱ्या दाबल्या, दंड पाहिले, पोट पाहिलं. मी मापं घेतली. वर सेहेचाळीस, खाली अठ्ठेचाळीस. दाबलं तर दुखत नव्हतं, डाग नव्हते, घोट्याला कड नव्हती. मागच्या वर्षी काविळीत बाईंचं वजन उतरलं तेव्हा पायही बारीक झाले होते.

"तुमचं वजन वाढलंय, बाई. साधं वजन."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे आजार नाही?"

"नाही."

"मी घरी सांगून आले हो, की आजार आहे म्हणून."

"मग आता पेढे घेऊन जा आणि सांगा की नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचे पाय तुमचं ऐकणारे आहेत. चाललात तर कमी होतील. हे नशीब मला असतं ना, तर मी रोज सेनगावपर्यंत चालत गेले असते."

बाई रागावून गेल्या. पण महिनाभरानं सकाळी सातला त्या गल्लीतून झपाझपा चालत जाताना मला दिसू लागल्या. दवाखान्यासमोरून जाताना मान मुद्दाम दुसरीकडे वळवायच्या.

एका रविवारी मॅडम मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. भाऊ तिथं शेती करतो. जेवण झाल्यावर आम्ही ओसरीत बसलो. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, नुसता चेहऱ्याचा. चेहरा बारीक, गालफडं बसलेली. मी म्हटलं, "आई सडपातळ होत्या तुमच्या." मॅडम म्हणाल्या, "फोटो छातीपर्यंतच आहे ना, म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. आई हळद काढायला, सोयाबीन कापायला जायची. तिचे पाय असेच. बरोबरच्या बायका तिला 'ढोलपायी' म्हणत. ती ओळीत मागं पडली की मुकादम म्हणायचा, खायला पुढं आणि कामाला मागं. घरात चार भाकरी झाल्या तर आई अर्धी खायची. रात्री मुलीला पोटऱ्या दाबायला सांगायची आणि हात लागला की ओरडायची. लहानपणी मॅडमना वाटे, आई नाटक करते. पुढं मॅडम शिकल्या, पुण्याला एका प्रशिक्षणाला गेल्या आणि तिथल्या पडद्यावर एका बाईच्या पायांचा फोटो आला. "ताई, मला वाटलं, माझ्या आईचाच फोटो लावलाय. घोट्याची कड, गुडघ्याच्या आतली ती गादी, सगळं तेच. खाली आजाराचं नाव लिहिलेलं. मी वर्गातून उठले, बाहेर आले आणि आईला फोन लावला. म्हटलं, आई, तुझ्या पायाला आजार आहे गं. तुझी चूक न्हाई. तू जास्त खात नव्हतीस."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'मला ठावं व्हतं की बाई, मी किती खात व्हते ते. मला काहून सांगून राहिली? लोकाला सांग.'"

मॅडमनी चष्मा काढून ओढणीच्या टोकाला पुसला. पुढं वर्षभरात आई गेली. मॅडमनी नांदेडची नोकरी सोडली आणि हिंगोलीत हळदीचं गोदाम भाड्यानं घेतलं.

लोकांना सांगणं सोपं नव्हतं, आणि मॅडमचं कधी चुकत नव्हतं असंही नाही. लग्न ठरलेली एक मुलगी आली होती. तिला त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "हा आजार पूर्ण बरा होत नाही." पोरगी ओढणी तोंडाला लावून निघून गेली, पुन्हा आली नाही. मॅडम आठ दिवस तिची वाट बघत होत्या. मग माझ्या दुकानात येऊन बसल्या. "खरं होतं, पण उलट्या बाजूनं सांगितलं मी. आधी सांगायला हवं होतं की दुखणं कमी करता येतं, वाढ रोखता येते." त्यानंतर त्यांनी सांगण्याचा क्रम बदलला. पण ती मुलगी त्यांच्या मनातून गेली नाही. कुठं लग्नाचा मांडव दिसला की त्या हमखास विचारत, "तिचं झालं असेल का हो?"

गयाबाई आली ती त्याच वर्षी, उन्हाळा लागता लागता. कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या धनगरांच्या घरातली सून, बत्तीस-तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. सोबत सासू, काठीसारखी सरळ म्हातारी. गयाबाईचा गुडघा दुखतो म्हणून आल्या होत्या. बसायच्या आधीच सासूनं सुरू केलं, "डॉक्टरीणबाई, हिला खाणं कमी करायचं औषध द्या. एका भाकरीवर ठेवली तरी पाय फुगूनच राहिलेत. परवा मेंढरामागं चक्कर येऊन पडली. पावसाळा सरला की आमाला मेंढरं घेऊन बाहीर पडायचंय. ही चालली न्हाई तर कसं व्हावं? माझा लेक दुसरीचं बोलून राहिला."

गयाबाई खाली बघत होती. पदर ओढून तिनं पाय झाकले होते.

मॅडमनी पाय पाहिले. मांडीवर, पोटरीवर जागोजाग डाग होते. त्यांनी सासूला गोड आवाजात सांगितलं, "आजी, शेजारी शिवणाच्या ताई आहेत, त्यांच्याकडे जरा पाणी प्या. मी बोलावते." म्हातारी माझ्याकडे येऊन बसली. दहा मिनिटांत तिनं मला सुनेचे सगळे दोष सांगितले आणि त्यातच हेही सांगितलं, की आजारी कोकरू मांडीवर घेऊन जगवावं तर हिनंच. आधीचं बोलणं आणि आत मॅडमनी गयाबाईला एकटीला काय विचारलं ते मला नंतर मॅडमकडूनच कळलं. नवरा मारतो का, हे विचारलं होतं. गयाबाई म्हणाली, "न्हाई जी. बोलतो. मारत न्हाई. हे डाग आपोआप येतेत. कोकरानं पाय ठेवला तरी येतेत."

मग मॅडमनी सासूला बोलावलं, मलाही टेप घेऊन बोलावलं.

"आजी, तुमच्या घरात सगळ्यात जास्त कोण चालतं?"

"चालती हीच. दिस उगवल्यापासून मावळंपस्तोर."

"आणि सगळ्यात कमी कोण खातं?"

"आता... हीच म्हना."

"मग हिचे पाय काहून जाड?"

"चोरून खात असंल."

"चोरून खाल्लेली भाकर फक्त पायातच जाते का, आजी? हात बघा हिचे. गळा बघा, हाडं मोजून घ्या. आता पाऊल बघा. तुमच्या पावलापेक्षा बारीक आहे."

म्हातारीनं वाकून पाऊल पाहिलं. मेंढीचं खूर तपासावं तसं हातात घेऊन उलटंपालटं केलं. घोट्यावरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग मॅडमनी तिचाच अंगठा धरून गयाबाईच्या पोटरीवर हलकेच टेकवला. गयाबाई कळवळली.

"एवढ्यानं दुखतं?" म्हातारी दचकली. "मग दिसभर चालती कशी?"

"तेच तिला विचारा," मॅडम म्हणाल्या.

पण म्हातारीनं विचारलं नाही. गयाबाईच आपणहून म्हणाली, "माझ्या मायचे बी असेच पाय व्हते, आत्याबाई. ती बी बोलनंच खायाची."

म्हातारीनं सुनेचं पाऊल पुन्हा हातात घेतलं. मग तिनं विचारलं, "काय नाव म्हनायचं या दुखण्याचं?"

"लिपेडेमा."

"दमा? पायाला दमा कसा झाला वो?"

आम्ही तिघी हसलो, गयाबाईसुद्धा. त्या दिवसापासून त्या घरात या आजाराचं नाव 'पायाचा दमा' पडलं ते आजही तसंच आहे.

मॅडम स्वतःच्या नजरेवर सगळं सोपवत नसत. गयाबाईला त्यांनी चिठ्ठी देऊन नांदेडला पाठवलं. शिरा, थायरॉइड, मूत्रपिंड सगळं तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच निदान लिहून पाठवलं. मग उपचार सुरू झाले. पहिला उपचार म्हणजे भाकरी. "दोन वेळा पोटभर," मॅडमनी सासूला बजावलं. "भाकरी, डाळ, भाजी, तुमच्या घरचं दूध. साखर कमी. उपाशी ठेवाल तर अंगातलं बळ जाईल, पाय तसेच राहतील." दुसरा उपचार हातांचा. कातडी अगदी हलकी, मांजरीला गोंजारावं तशी, वरच्या दिशेनं सरकवायची. रगडायचं नाही. आणि तिसरा उपचार मोजे.

मोजे यायला महिना लागला आणि ते पहिल्यांदा चढवायला पाऊण तास. म्हातारीच ते शिकली. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ती रोज पहाटे सुनेच्या पायात ते इंचाइंचानं चढवायची. मला सांगायची, "लेकीच्या लगनात चोळी चढवताना एवढी तकलीफ झाली न्हवती."

पण वैशाखात गाडी अडली. आमच्याकडच्या त्या उन्हात मेंढ्यांमागं घट्ट मोजे घालून कोण चालणार? गयाबाईला घामोळं आलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, व्हत न्हाई." मॅडमनी मोजे काढून बाजूला ठेवले. मोठ्या शहरातल्या बायका अशा पायांसाठी छातीभर पाण्याच्या तलावात चालतात, एवढं त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पण हिला तलाव कुठून आणू?"

"पान्यात बरं वाटतंच की," गयाबाई म्हणाली.

"कधी?"

"मेंढरं कातरायच्या आधी आमी धुतो ना, नदीच्या डोहात. मी कमरेइतक्या पान्यात उभी ऱ्हाते. दिसभर मेंढरं वढते. त्या दिशी राती पाय ठणकत न्हाईत. मला वाटायचं, देवाची दया."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "गयाबाई, मी सात वर्षं शिकले. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी काहून सांगितलं नाही?"

"तुमी मेंढरं धुता का म्हून विचारलंच न्हाई."

पाण्याचा दाब चहूबाजूंनी सारखा बसतो, मोज्याचं काम पाणीच करतं, हे मॅडमनी मला नंतर समजावलं. पण त्या वेळी त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. ठरलं असं, की पहाटेपासून अकरापर्यंत मोजे, मग काढायचे, आणि दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की डोहात कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास चालायचं, सासूच्या नजरेखाली. डोह आटत आला तेव्हा दिराच्या शेततळ्यात, काठाला दोर बांधून. पाऊस पडून हवा निवल्यावर मोजे पुन्हा दिवसभर.

पावसाळा सरता सरता मी पुन्हा माप घेतलं. पोटरीला एक इंच कमी, मांडीला दीड. म्हातारी नाराज झाली. "एवढं करून पाय तेवढेच हायत की."

गयाबाई म्हणाली, "आत्याबाई, पर दुखत न्हाईत." आणि तिनं स्वतःचा अंगठा पोटरीवर दाबून दाखवला.

दसऱ्यानंतर ती कळपाबरोबर निघाली. दुसरीचं बोलणं कधी थांबलं ते कोणी सांगितलं नाही. म्हातारीनं एवढंच सांगितलं, "लेकाला म्या म्हनलं, हिला सोडायची तर आधी मला सोड."

त्यानंतर कनेरगावकडून बायकांची रीघ लागली. पायाचा दमा तपासायला जीपा भरून बायका येत. अशाच एका सकाळी बाकावर आठ जणी होत्या. शेवटची म्हणाली, "मला बी गयासारखंच झालंय." मॅडम आत कोणाचा तरी पाय तपासत होत्या. त्यांनी दारातूनच सांगितलं, "बसा, नंबर येईल." आणि त्या वळल्या. दोन पावलं गेल्या असतील नसतील, तशाच परत आल्या. त्या बाईसमोर फरशीवर बसल्या आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्या. एकच सुजली होती. लालसर, गरम, पाऊलही सुजलेलं.

"कधीपासून?"

"परवापासून. बाळंतीन हाय, अडीच म्हैने झाले."

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "बाई, हे गयाबाईचं नाही. उठून चालू नका." त्यांनी रिक्षा बोलावली, तिला उचलून बसवलं आणि दवाखाना तसाच उघडा टाकून तिच्यासोबत मोठ्या दवाखान्यात गेल्या. शिरेत रक्ताची गाठ होती. वेळेत पोहोचली, वाचली.

दुपारी मॅडम परत आल्या आणि माझ्या मशीनशेजारी बसल्या. चहा आणला तो गार झाला. "मी तिला बसा म्हणाले होते, ताई."

"पण परत वळलात ना."

"वळले. का वळले ते मला सांगता येत नाही, त्याचीच भीती वाटते. एक नाव हाताला लागलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. दोन्ही पाय सारखे असतील तर माझं काम. एकच पाय असेल तर माझं नाही, आणि तिथं थांबायचं नाही." दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला: 'एकच पाय अचानक सुजला असेल तर नंबर लावू नका. सरळ आत या.'

अशी सहा वर्षं गेली. किती जणींचे पाय मोजले, मी लिहून ठेवलं नाही. काहींना मोज्यांनी बरं वाटलं, काहींनी आठवड्यात टाकून दिले. दोघी मोठ्या शहरात जाऊन चरबी शोषून काढायची शस्त्रक्रिया करून आल्या. मॅडमनीच माहितीतल्या शल्यतज्ज्ञाकडे पाठवलं होतं आणि शस्त्रक्रियेनंतरही मोजे सुटणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं. मग गेल्या वर्षी त्यांना एका महाविद्यालयात शिकवायला बोलावणं आलं. त्या जायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "इथल्या बायकांचं कोण बघेल?" मी म्हटलं, "तुमचं बराबर आहे, पण चूक आहे. इथं तुम्ही एकट्या. तिथून दरवर्षी साठ जण बाहेर पडतील." त्या म्हणाल्या, "माझंच वाक्य मला?" आणि गेल्या. दवाखाना आता त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक तरुण फिजिओथेरपिस्ट चालवते. टेप धरायला मीच जाते.

यंदा भाचीच्या लग्नासाठी मी मॅडम शिकवतात त्या शहरात गेले, तेव्हा त्यांना भेटायला महाविद्यालयात गेले. तास सुरू होता. मी दारातच उभी राहिले. पांढऱ्या कोटातली मुलंमुली वह्या उघडून बसली होती. मॅडमनी वह्या मिटायला लावल्या. चप्पल काढली, टेबलावर चढून बसल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि म्हणाल्या, "या. एकेकानं तपासा. काय दिसतं ते मला सांगा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी धीटपणे पुढं आली आणि तिनं थेट पोटरीकडे हात नेला. मॅडमनी तो हात हवेतच धरला.

"हे पाय घेऊन जी बाई तुझ्यासमोर येईल ना," त्या म्हणाल्या, "तिला आजवर सगळ्यांनी सांगितलंय. कमी खा, जास्त चाल, झाकून बस. तिला कुणी काही विचारलेलं नाही. तू विचार."

"काय विचारू, मॅडम?"

"हात लावू का, एवढंच."

मुलीनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "लाव बाळा," आणि तिचा हात सोडला.